वणवा विझल्यानंतर घर आणि शेत: सातपुड्याच्या पायथ्यासाठी मार्गदर्शक

फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत सातपुड्यात वाळलेल्या पानांचा थर पडलेला असतो. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, कुणी बांध जाळतो, आणि दुपारचा वारा ती आग डोंगरावरून खाली आणतो. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यातल्या पाड्यांना, खळ्यांना आणि केळीच्या मळ्यांना हे नवं नाही. नवं असतं ते आग विझल्यावरचं काम, कारण ते कोणत्या क्रमाने करायचं हे कुणी सांगत नाही. बहुतेक नुकसान दोनच गोष्टींनी वाढतं: राख उचलायची घाई, आणि जमिनीच्या कामाला लागलेला उशीर. राख पंचनाम्यापर्यंत थांबू शकते. मृगाचा पाऊस कुणासाठी थांबत नाही.

१. परत जाण्याआधी

ज्वाळा दिसत नाहीत म्हणजे आग गेली असं नाही. मोह, साग, पळस यांची जुनी पोकळ खोडं आतून कित्येक दिवस धुमसतात, आणि मुळांच्या वाटेने आग जमिनीखाली जाते. वर राखेचा सपाट थर दिसतो, खाली निखाऱ्याचा खड्डा असतो. पाय त्यात गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून पाच-सहा फुटी काठीने पुढची जमीन टोचत चाला. राखेच्या चार बोटं वर हाताची मागची बाजू धरून उष्णता तपासा, हात राखेत घालू नका.

अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. नायलॉन-टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. पायात जाड तळाचे बूट, तोंडाला एन-९५ मास्क. ओला रुमाल राखेचे बारीक कण अडवत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा माणूस यांना या टप्प्यात आणूच नका.

जळालेल्या झाडाखाली उभं राहू नका, विशेषतः वारा सुटल्यावर. बुंध्याशी काळी पोकळी दिसली की ते झाड केव्हाही पडेल असं धरा. जंगलातून पळालेले घोणस, मण्यार, विंचू कौलांच्या ढिगात आणि विहिरीच्या कपारीत येऊन बसतात. ढीग हाताने उपसू नका, आधी काठीने हलवा. बिबट्या किंवा जखमी वन्यप्राणी दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. पुन्हा ज्वाळा दिसल्या तर ११२ किंवा १०१.

२. जनावरं आधी, सामान नंतर

भाजलेल्या गुराला सावलीत घ्या आणि भाजलेल्या जागेवर गार (बर्फाचं नाही) पाणी सोडत राहा. इंजिन ऑइल, चुना, हळद-तेल काही लावू नका. त्याने उष्णता आतच राहते आणि डॉक्टरांना जखम साफ करताना दुप्पट त्रास होतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

पहिल्या दिवशी चालणारं जनावर चांगलंच आहे असं समजू नका. गरम राखेवरून चाललेल्या जनावराचे खूर काही दिवसांनी ढिले होतात. कास भाजली असेल तर दूध काढताना कळतं. धुराने फुप्फुसाला सूज आली असेल तर खोकला आणि उघड्या तोंडाचा श्वास नंतर सुरू होतो.

मेलेलं जनावर पुरायची घाई करू नका. पशुधन विकास अधिकाऱ्याचा शवविच्छेदनाचा दाखला लागतो. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक दिसेल असा फोटो काढा. बिल्ला वितळला असेल तर जुन्या लसीकरणाच्या नोंदीत तो क्रमांक सापडतो.

३. वीज, गॅस, सोलर

जळालेलं मीटर, लोंबणारी सर्व्हिस वायर किंवा पंपाची पेटी यांना हात लावण्याआधी महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लाइनमनने पुरवठा तोडल्याचं समक्ष पाहिल्याशिवाय ओल्या राखेत पाय ठेवायचा नाही.

सोलर पंप असेल तर एक वेगळा धोका आहे. पॅनलला महावितरणचा पुरवठा नसतो, त्यामुळे लाइन बंद केली तरी ऊन आहे तोवर तडकलेल्या पॅनलमध्येही वीज तयार होत राहते. जाड ताडपत्रीने पॅनल पूर्ण झाका आणि पुरवठादाराच्या माणसाची वाट बघा. वितळलेल्या केबलची टोकं स्वतः सोडवू नका.

आगीत सापडलेला गॅस सिलिंडर वरून ठीक दिसला तरी वापरायचा नाही. तो एजन्सीला परत करा. वास येत असेल तर १९०६.

पंपाची मोटर लगेच चालू करून बघण्याचा मोह होतो. आधी वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या, नाहीतर वाचलेली मोटरही जळेल.

४. काहीही हलवण्याआधी पंचनामा

संपूर्ण प्रक्रियेत सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

आधी फोटो. घराच्या चारही बाजू, प्रत्येक खोली, गोठा, खळं, ठिबकच्या नळ्या, विहिरीवरचं सामान. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. प्रत्येक फोटोत न हलणारी एखादी खूण येऊ द्या: विहीर, मंदिर, विजेचा खांब. मग त्याच दिवशी तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि पोलीस पाटलाला कळवा, आणि तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज देऊन पोचेवर शिक्का घ्या. फक्त फोन केला असेल तर पुढे त्याला काही पुरावा राहत नाही. पोलीस ठाण्यात आगीची खबर देऊन नोंदीची प्रत घ्या.

सोबत ठेवायचे कागद:

- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक
- शेतीसाठी सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, शेतकरी ओळख क्रमांक
- घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, नसल्यास रहिवासी दाखला आणि वीजबिल
- वनपट्टा असेल तर वनहक्क प्रमाणपत्र आणि नकाशा
- जनावरांचे दाखले, फोटो

वनपट्ट्यावर किंवा गावठाणाबाहेर घर असणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण नमुना ८ ला घराची नोंदच नसते. अशा वेळी ग्रामसभेचा किंवा वनहक्क समितीचा ठराव आणि शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्याला जोडायला सांगा. नोंद नाही म्हणून तुमचं नाव यादीतून गळू देऊ नका.

आता निकषांबद्दल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण नष्ट घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये होते. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,०००, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. झोपडीला ८,०००, घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी २,५००. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवर्षायू पिकाला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. चालू वर्षाचे दर तहसील कार्यालयाच्या आपत्ती शाखेत विचारून घ्या.

या आकड्यांतला फरक पुन्हा वाचा. ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ या एका शब्दावर लाखाहून जास्त रक्कम फिरते. मातीच्या आणि धाब्याच्या (वर मातीचं सपाट छत असलेल्या) घरांत छप्पर जळून जातं पण भिंती उभ्या राहतात, आणि उभ्या भिंती बघून घाईत ‘अंशतः’ लिहिलं जातं. आढी (छत पेलणाऱ्या तुळया) जळून भिंती पाडाव्या लागणार असतील तर पंचायत समितीच्या अभियंत्याचा लेखी अभिप्राय मागा आणि तो पंचनाम्याला जोडायला लावा. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नका. ‘संसारोपयोगी सामान जळाले’ एवढं पुरत नाही. धान्याचे पोते किती, कापूस किती क्विंटल, ठिबकची लांबी किती, सगळं आकड्यात लिहायला सांगा. पंचांच्या सह्या झाल्यावर पूर्ण पंचनाम्याचा मोबाईलवर फोटो घ्या.

आणखी तीन गैरसमज दूर करून घ्या. वन विभागाची जी भरपाई आपण ऐकून असतो ती वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची असते. आग जंगलातून आली तरी मदतीचं दार महसूलचंच. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचं ते आग कुठून आणि केव्हा आली याच्या नोंदीसाठी. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगीच्या ठिकाणांचे इशारे वन विभागाला पाठवतं, तारीख-वेळेच्या पुराव्याला ते उपयोगी पडतं. तिसरी गोष्ट, पीक विम्यावर भिस्त ठेवू नका. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा तापमान, वारा, गारपीट यांसाठी आहे, आगीसाठी नाही.

५. जळालेले कागद आणि नोटा

सातबारा १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तो चालतो. रेशनकार्डासाठी तालुक्याचा पुरवठा विभाग, आधारसाठी १९४७ किंवा जवळचं केंद्र.

नोटांच्या बाबतीत मात्र सावकाश. कोळसा झालेलं बंडल उलगडायचं नाही. तसंच्या तसं कापसावर किंवा मऊ कापडावर ठेवून डब्यात भरा. कडा जळालेल्या नोटा बँकेची शाखा नियमाप्रमाणे बदलून देते, पण पार करपलेल्या, हाताला लागताच चुरा होणाऱ्या नोटा शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे द्याव्या लागतात. सोनं-चांदी वितळून गोळा झालेली असू शकते. पेटी होती त्या जागेची राख चाळणीने वेगळी चाळा, आणि हे घरच्यांनीच करा.

६. राख आणि ढिगारा उचलणं

पंचनामा झाला की मगच. धुमसणाऱ्या गोष्टी याला अपवाद: त्या फोटो काढून लगेच विझवायच्या. भाव येईल म्हणून घरात ठेवलेला कापूस याबाबतीत सगळ्यात दगाबाज. वरून काळा आणि थंड, आतून निखारा. पूर्ण गंजी उघड्यावर ओढा, पसरवा, पाणी ओता, दाताळ्याने चाळवा, परत पाणी ओता. कडबा आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाचंही तेच.

पाणी मारण्याआधी एक गोष्ट तपासा: उंदराचं काळं औषध (झिंक फॉस्फाईड) किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्या (अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड) घरात कुठे होत्या? त्यांना ओल लागली की विषारी फॉस्फिन वायू सुटतो. त्या कोपऱ्यात पाणी नको, माणसं नकोत. कृषी अधिकाऱ्याला कळवा. बाकी कीटकनाशकांचे फुटलेले डबे माती टाकून झाका, ती माती वेगळ्या पोत्यात भरा. धुऊन नाल्यात सोडू नका, खालच्या पाड्यावरची गुरं तेच पाणी पितात.

उरलेली राख झाडूने लोटायची नाही. झारीने हलकं पाणी शिंपडा, ओलसर झाली की फावड्याने पोत्यात भरा. राख अल्कधर्मी असते, ओली राख हाताला चरचरते, म्हणून रबरी हातमोजे घाला.

सिमेंटचे जुने पत्रे हा स्वतंत्र विषय आहे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि आगीत ते फटाक्यासारखे फुटून तुकडे होतात. ते तोडू नका, घासू नका. पाणी मारून ओले ठेवा, मोठे तुकडे सावकाश उचला, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा आणि कुठे टाकायचे हे ग्रामपंचायतीला विचारा. त्यांचा चुरा रस्त्यात किंवा जोत्यात भराव म्हणून घालायची पद्धत आहे, ती फार वाईट.

धुरात-उष्णतेत सापडलेलं धान्य, तेल, औषधं, प्लास्टिकच्या डब्यातलं पीठ टाकून द्या. बियाणंही पेरू नका. पेरायचंच असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा.

७. सांगाडा वापरायचा की पाडायचा

*लाकूड.* साग वरून कोळसा झाला तरी आत शाबूत असतो. कोळसा तासून काढा आणि उरलेली जाडी मोजा. आढ्याची उभी जाडी पाचव्या हिश्श्याने कमी झाली तर वजन पेलण्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. पत्र्याच्या हलक्या छपराला ते चालून जाईल, धाब्याच्या मातीखाली नाही. धाब्याचं घर असेल तर जळक्या आढीखाली उभं राहून तपासणीसुद्धा करू नका. आधी टेकू लावा, मग वरची माती बाहेरच्या बाजूने उतरवा.

*स्लॅब.* काँक्रीट गुलाबीसर झालं असेल तर ते साधारण ३०० अंशांवर तापलेलं आहे. हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज ठीक, पोकळ आवाज आला, पोपडे उडाले किंवा सळई दिसली तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय खाली झोपू नका. वरून प्लास्टर मारून गुलाबी काँक्रीट झाकणारे गवंडी भेटतात.

*पत्रे.* लोखंडी पत्र्याची जस्ताची झिलई गेली की पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. असे पत्रे चाऱ्याच्या आडोशाला वापरा, घरावर नको.

८. विहीर, टाकी, पाईप

विहिरीतली तरंगती राख आणि काटक्या आधी काढा, शक्य असेल तर पाणी एकदा उपसा. मग टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, जी ग्रामपंचायतीत मिळते. विहिरीतलं पाणी मोजायचं असं: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचा नेहमीचा डोस हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे साधारण ९५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने विहिरीत खालपर्यंत नेऊन हलवा. गाळ विहिरीत टाकू नका. तासाभराने ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते रंगावरून कळतं. राखेमुळे क्लोरीन लवकर संपतं, पिवळा रंग आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा.

क्लोरीन जंतू मारतं, प्लास्टिक जळून आलेली रसायनं काढत नाही. कॅलिफोर्नियात २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांनंतर नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं होतं. पाणी उकळूनही ते पिण्याजोगं होत नाही. म्हणून बोअरच्या तोंडाशी केसिंग वितळलं असेल, टाकी किंवा पीव्हीसी लाइन मऊ पडली असेल तर तो भाग कापून बदला, आणि पाण्याला प्लास्टिकचा वास येत असेल तर तपासणी होईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.

९. जमीन: मृगाच्या आत

उतारावरची जळालेली जमीन पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते, कारण गवताचं आच्छादन गेलेलं असतं आणि कधीकधी पाल्यातल्या मेणाची वाफ होऊन ती मातीच्या कणांवर बसल्याने पाणी मुरत नाही. तपासणी सोपी आहे. राख बाजूला सारा, मातीवर पाण्याचा थेंब टाका. पाच सेकंदांहून जास्त वेळ थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर माती पाणी झिडकारते आहे. एक-दोन बोटं खालीही करून बघा, थर तिथे दडलेला असतो.

तसं आढळलं तर उताराला आडवी, उथळ वखरपाळी द्या. खोल नांगरट नको, मोकळी झालेली मातीच सगळ्यात आधी जाते.

त्यानंतर आडवे अडथळे. स्वतःच्या शेतातल्या जळक्या फांद्या समपातळीत आडव्या ठेवा, खालच्या बाजूने खुंट्या ठोका, आणि वरच्या बाजूने माती दाबून भरा. मातीचा हा सांधा भरायचा राहून गेला की पाणी खालून बीळ करून निघतं आणि बांध असून नसल्यासारखा होतो. पातळी डोळ्यांनी ठरवू नका, ए-फ्रेम (ए आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा) किंवा पाण्याच्या नळीने काढा. घळीत दगडी बांध घालताना मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूने काठ कापतं. उंची गुडघ्याच्या वर नेण्यापेक्षा छोटे बांध जास्त घाला. दावणीला घालता येणार नाही असा अर्धवट जळका कडबा आच्छादन म्हणून पसरा.

‘राख म्हणजे खत’ हे अर्धंच खरं आहे. राखेत पालाश आणि चुना असतो, पण खान्देशातल्या काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी. पातळ थर मातीत मिसळू द्या, ढीग असतील तिथली राख उचलून विखरा, नाहीतर त्या जागी रोपं करपतात. घराची किंवा वितळलेल्या ठिबकची राख शेतात नकोच. माती परीक्षणासाठी राख सारून, व्ही आकाराचा खड्डा घेऊन, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. जागोजागची माती मिसळून अर्धा किलो नमुना पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या.

१०. केळी आणि झाडं

केळीचं खोड भाजलं तरी जमिनीतला कंद बहुधा जिवंत असतो. भाजलेलं खोड जमिनीलगत कापा. आत पांढरा, ओलसर गाभा दिसला तर एक जोमदार तलवारी (अरुंद, टोकदार पानांचं) पील राखून बाकीची काढा आणि पिलबाग (त्याच पिलावर पुढचं पीक) धरा. कंद तपकिरी, मऊ, वासाचा असेल तर उपटा. नुकती लावलेली टिश्यू कल्चरची रोपं सावरत नाहीत. पील वाचवायची तर पाणी आठवड्यात पोचलं पाहिजे, म्हणून सोळा मिलिमीटरच्या नळ्या येईपर्यंत पाटाने द्या. मेन लाइन आधी उघड्या टोकाने धुऊन घ्या, आतला वितळलेला चुरा नवे ड्रिपर बंद करतो.

आंबा, लिंबू, मोह यांच्यावर लगेच कुऱ्हाड चालवू नका. नखाने साल खरवडा. खाली हिरवट, ओलसर असेल तर पावसाची फूट बघेपर्यंत थांबा. पानं गेल्याने उन्हात तापणाऱ्या खोडाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. साग बुडख्यातून पुन्हा फुटतो. फुटवे आले की एक सरळ ठेवून बाकीचे काढायचे.

मेलेलं झाड तोडायचं ठरलं तरी साग, मोह, आंबा, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. जंगलातलं जळकं लाकूड ‘वाया जातंय’ म्हणून घर बांधायला आणलं तर वनगुन्हा नोंदतो, आणि ते लाकूड गाडीसकट जप्त होतं.

कुरणावर पहिल्या पावसाचं कोवळं गवत आलं की गुरं सोडायची घाई होते. गवताला एक पूर्ण हंगाम बी धरू द्या. तोवर मारवेल, पवना किंवा स्टायलोचं बी उघड्या जागी टाका, आणि चारा कापून आणा.